फाटकाची कडी

नववीच्या वर्गात मी एकदा मुलांना चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. प्रश्न सोपा होता: दार उघडण्याआधीच घरी कोण आलंय हे तुम्हाला कशावरून कळतं? मुलं खुशीत लिहायला लागली. आजोबांच्या काठीवरून, असं एकानं लिहिलं. आई भाजीची पिशवी घेऊन आली की कोपरानं दार ढकलते, असं दुसऱ्यानं. दादा जिन्यातूनच ‘भूक लागली’ म्हणून ओरडतो, असं आणखी कुणी. आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं लिहिलं, ‘बाबा फाटकाची कडी कशी काढतात त्यावरून कळतं. कडी हळू वाजली तर मी बाहेरच्या खोलीतच अभ्यास करते. जोरात वाजली तर वही उचलून आत जाते.’

अक्षर वळणदार, शुद्धलेखनाची एक चूक नाही. सवयीनं मी खाली ‘छान’ लिहायला गेले आणि पेन तिथंच थांबलं.

दहावीत गेल्यावर ती मुलगी हळूहळू मिटत गेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) डबा तसाच परत जायचा, मधल्या सुट्टीत ती बाकावर डोकं टेकून पडायची, कुणी काही विचारलं की फणकारायची. पालकसभेला तिची आई आली. म्हणाली, “बाई, हिला आम्ही काय कमी केलंय? वेगळी खोली दिली, क्लास लावला, मागितला तो मोबाईल घेतला. कधी जास्त मारलंसुद्धा नाही. तरी आपलं सदा तोंड पाडून बसायचं!”

‘जास्त’ हा शब्द त्यांच्या तोंडून अगदी सहज गेला. त्या वाईट आई नव्हत्या. मुलीच्या काळजीनं त्यांचा आवाज कापत होता, हे मला समोर दिसत होतं.

आई-बाबांनो, मला आज तुमच्याशी बोलायचंय ते त्या ‘जास्त’विषयी आणि त्या कडीविषयी.

मुलांचा छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बातमी येते. चटके दिलेलं, कोंडून घातलेलं पोर. आपण हळहळतो आणि पान उलटतो, कारण आपल्या घरात तसलं काही नसतं. पण या विषयात काम करणारे डॉक्टर छळाचे चार प्रकार धरतात: शरीराला होणारी इजा, लैंगिक अत्याचार, मनाला होणारी इजा आणि हेळसांड. पहिल्या दोहोंच्या बातम्या होतात. उरलेले दोन मात्र शिकल्यासवरल्या घरांतही चालू असतात, जेवणाच्या टेबलावर, प्रगतीपुस्तकावर सही करताना, पाहुण्यांसमोर हसत हसत.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला होता. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, दर दोघांमागे एकानं मानसिक छळ झाल्याचं. आणि घरात ज्यांना मार बसला होता, त्यांतल्या ८८.६ टक्के मुलांना मारणारे हात आईचे किंवा वडिलांचे होते. अनोळखी माणसानं दिलेलं चॉकलेट घेऊ नकोस, हे आपण मुलांना बजावून सांगतो. घरातल्या हाताचं काय करायचं, हे त्यांना कोण सांगणार?

मारापेक्षाही मला शब्दांची जास्त भीती वाटते, ते माझ्यापुढे बसून बोललेल्या मुलांमुळे. मार किती वेळा खाल्ला हे त्यांना धड आठवत नाही. वाक्यं मात्र जशीच्या तशी आठवतात, स्वरासकट. ‘तुझ्यापेक्षा दगड जन्माला आला असता तर बरं झालं असतं.’ ‘त्या चुलतभावाकडे बघ, त्याच्या पायाचं तीर्थ पी.’ ‘तुझ्यामुळे माझी नोकरी सुटली.’ ‘मुलगा होईल म्हणून वाट बघत होतो आणि आली ही.’ एका मुलाला त्याच्या घरी लहानपणापासून सगळे ‘ढब्बू’ म्हणत, कौतुकानंच. पंधराव्या वर्षी त्यानं जेवण जवळजवळ सोडलं होतं आणि घरात कुणालाच कारण उमगत नव्हतं.

अमेरिकेत मार्टिन टायकर या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तरुण मुलामुलींचा अभ्यास मांडला. लहानपणी आई-वडिलांनी सतत घालूनपाडून बोललेल्यांच्या मनावर झालेला परिणाम घरातली मारहाण पाहत वाढलेल्यांच्या इतकाच खोल निघाला. मोठमोठ्यानं ओरडण्याला आपण ‘आमचा आवाजच तसा आहे’ म्हणतो. मुलाला आवाजाची सवय होते असं आपल्याला वाटतं. तशी ती होत नाही.

आणि अबोला. आपल्या घरांत अबोला ही शिक्षा मानलीच जात नाही, उलट तो संयम समजला जातो. ‘मी काही मारत नाही हो, फक्त बोलत नाही,’ असं मला एक आई जरा अभिमानानंच म्हणाल्या होत्या. तीन-तीन दिवस, कधी आठवडाभर. ताट वाढायचं, पण मुलाकडे पाहायचं नाही. आठ वर्षांच्या लेकराला यातून कळतं ते एवढंच, की मी आहे की नाही याचा घरात कुणाला फरक पडत नाही. पुढे हेच लेकरू सोळाव्या वर्षी वहीच्या मागच्या पानावर ‘मी नसलो तर कुणाला काय फरक पडणार’ असं लिहितं, तेव्हा आपण हादरतो. ते वाक्य त्यानं बाहेरून आणलेलं नसतं.

लहान मूल एक हिशेब मांडतं. तो त्याला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून आपल्या ध्यानातही येत नाही. मारणारे किंवा तोडून बोलणारे आई-बाबा चुकताहेत, असं मानायची त्याची सोयच नसते. जी माणसं खाऊ घालतात, ज्यांच्या कुशीत झोप लागते, तीच जर चुकीची असतील, तर पाच वर्षांच्या पोरानं जायचं कुठं? मग ते स्वतःलाच चूक ठरवतं. मी वाईट आहे म्हणून आई चिडते, मी शहाण्यासारखं वागलो की सगळं नीट होईल. ही समजूत त्याला जगवते, कारण तिच्यात एक आशा असते. पण तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत त्याला कळून चुकतं, की कितीही शहाण्यासारखं वागलं तरी सगळं नीट होत नाही. आशा निघून जाते आणि ‘मी वाईट आहे’ एवढंच मागं उरतं. नैराश्यातल्या मुलांचं बोलणं कान देऊन ऐका. ‘मला दुःख होतंय’ असं ती क्वचित म्हणतात. ‘माझ्यात काही दमच नाही’ हे पुन्हापुन्हा म्हणतात.

शरीरही यात सामील असतं. धोका ओळखणारा मेंदूचा एक लहानसा भाग, अमिग्डाला, घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल स्रवतं, काळीज धडधडतं, पळायला किंवा लढायला अंग तयार होतं. कुत्रा अंगावर आला तर ही मोठी सोय आहे. पण ही घंटा रोज संध्याकाळी सात वाजता, फाटकाच्या कडीबरोबर वाजायला लागली तर? वाढत्या मेंदूला त्याच पहाऱ्याची सवय लागते. मग वर्गात कुणाचा बाक सरकला तरी मूल दचकतं, शिक्षकांनी नुसतं नाव पुकारलं तरी डोळ्यांत पाणी येतं. रात्री झोप लागत नाही, सकाळी जाग येत नाही. रागालोभाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. त्याच वयात शरीर बदलतं, मैत्री आणि तुलना जिवापाड महत्त्वाची होते, दहावी-बारावी डोक्यावर येते. लहानपणी मुकाट्यानं उचललेलं ओझं या चढावर पेलवेनासं होतं.

हे झोपडीतल्या दारुड्या बापाच्या घरी होतं, असं अजूनही कुणाला वाटत असेल तर सॅन डिएगोची गोष्ट सांगते. तिथं व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करत असत. ज्यांचं वजन भराभर उतरतंय तीच माणसं उपचार सोडून जातात, हे त्यांना कोडं वाटलं. खोदून विचारल्यावर अनेकांनी लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. मग त्यांनी रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर मोठी पाहणी केली आणि १९९८ साली ९,५०८ प्रौढांची उत्तरं मांडली. ही माणसं बहुतेक मध्यमवर्गीय, शिकलेली, आरोग्यविमा असलेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या बालपणात छळाचा किंवा घरातल्या बिघाडाचा एक तरी प्रकार निघाला. चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त होता. त्या यादीत एक प्रकार होता, आईला मार खाताना पाहणं. ‘मी पोरांना कधी बोटसुद्धा लावलं नाही’ असं सांगणाऱ्या काही बाबांसाठी मी हे मुद्दाम लिहिते आहे.

लैंगिक अत्याचाराबद्दल थोडंच, पण स्पष्ट बोलते. मुलगा असो वा मुलगी, ‘अमक्या काकांनी असं केलं’ असं मूल म्हणालं, तर पहिलं वाक्य ‘मी तुझ्यावर विश्वास ठेवते’ हेच असायला हवं. घराण्याचं नाव, बहिणीचं लग्न हे सगळं त्यानंतर. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. दाबून टाकलेल्या घटनेपेक्षा, आईनं ती दाबली ही गोष्ट मुलांना जास्त दिवस छळते, असं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

आता तुमच्या मनात जे आलंय ते मला ठाऊक आहे. ‘आम्हीही मार खाल्ला, आम्ही काय बिघडलो?’ पालकसभेत हे वाक्य आलं नाही असं एकही वर्ष गेलं नाही. काही बाबा ‘श्यामची आई’चा दाखला देतात. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला तिनं शिंपटीनं मारलंच ना? मारलं. पण तो प्रसंग पुढे वाचा. पोहून आलेला श्याम रुसून बसतो. आई त्याच्याजवळ येते, अंगावरचे वळ पाहते आणि तिचे डोळे भरून येतात. आपण पिढ्यानपिढ्या शिंपटी तेवढी लक्षात ठेवली, तिचं जवळ येणं विसरलो. अर्थात ती शिंपटीही उचलू नका, असंच मी म्हणेन. शाळेतल्या छडीला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंदी आली. स्वयंपाकघरातलं उलथनं अजून हाताशीच असतं.

त्या मुलीच्या वडिलांनाही मी शाळेत बोलावून घेतलं. आधी तिला विचारलं, तुझ्या ओळी बाबांना दाखवू का, त्यामुळे घरी तुला त्रास तर होणार नाही ना? दोन दिवस विचार करून ती हो म्हणाली. त्यांनी वही वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली बघत म्हणाले, “माझ्या वडिलांच्या वहाणा करकरायच्या, बाई. आवाज आला की मी गोठ्यात जाऊन बसायचो.” चाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज त्यांना अजून ऐकू येत होता. ‘आम्ही काय बिघडलो’ याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं, आणि मला वाटतं त्यांनाही.

घरात नैराश्य ओळखायचं कसं, हे नीट समजून घ्या, कारण या वयात ते अश्रूंच्या रूपात कमी आणि चिडचिडीच्या रूपात जास्त येतं. आपण त्याला माज म्हणतो, आळस म्हणतो, मोबाईलचं खूळ म्हणतो. आवडीचं क्रिकेट, चित्रं, मैत्रिणी एकेक करून सुटतात. भूक आणि झोप बिघडते. डॉक्टरांना काही सापडत नाही, तरी डोकं आणि पोट दुखत राहतं. मूल अभ्यासाला बसतं, पण तासभर एकच पान उघडं असतं. ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगावरून उतरत नाही. असं दोन आठवड्यांच्या वर रोज चाललं असेल, तर तो स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं दिसलं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार जण. मी ज्या ज्या वर्गात शिकवलं, त्यांतली माझी चार मुलं कोणती होती, हे आता उशिरा आठवत बसते.

इथं एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. नैराश्य आलेल्या प्रत्येक मुलामागे घरातला छळ असतोच, असं मुळीच नाही. ते घराण्यात असू शकतं, शाळेतल्या छळवादातून येऊ शकतं, जवळचं माणूस गेल्यानं येऊ शकतं, थायरॉइडच्या बिघाडातही तशीच लक्षणं दिसतात. म्हणून वाचता वाचता स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. फक्त घराचा कोपरा न् कोपरा प्रामाणिकपणे पाहून घ्या. डॉक्टरांनाही घरातलं खरं ते सांगा, कारण लहानपणी छळ सोसलेल्यांचं नैराश्य पुन्हा उलटण्याचा आणि रेंगाळण्याचा संभव जास्त असतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे.

आणि चूक झाली असेल तर? माफी मागा. आपल्याकडे आई-बापानं लेकराची माफी मागायची रीत नाही, हे मला मान्य आहे. तरी मागा. मात्र तिच्यात ‘पण’ नको. ‘मी मारलं हे चुकलं, पण तूही तसंच वागलास’ ही माफी नव्हे, ती दुसरी थप्पड आहे. ‘तू सहावीत असताना सगळ्यांसमोर मी तुझा पाणउतारा केला. ते माझं चुकलं. तुझी काही चूक नव्हती.’ इतकं बोलून थांबा. मूल लगेच गळ्यात पडणार नाही. खांदे उडवील, ‘बरं’ म्हणेल, कदाचित चिडून चार जुन्या गोष्टी काढील. त्या ऐकून घ्या, तारखा आणि तपशील दुरुस्त करू नका. आणि लगेच दुसऱ्या दिवशी आवाज चढला तर पुन्हा त्याच्याकडे जा. मुलं आपल्या वाक्यांपेक्षा आपण परत येतो की नाही, हे बघत असतात.

राग अनावर होतो त्या क्षणासाठी मोठ्यांनी काही ठरवून ठेवायला हवं. मी पालकांना सांगते, खोलीबाहेर जा, तोंडावर पाणी मारा, आणि ‘मी आत्ता रागात आहे, थोड्या वेळानं बोलू’ एवढं सांगून जा, म्हणजे तो अबोला ठरत नाही. रोजच हे होत असेल तर आधी स्वतः कुणाशी तरी बोला. दिवसभर राबून, सासर-नोकरी सांभाळून, कधी स्वतः मार खाऊन थकलेल्या आईला ‘शांत राहा’ असं सांगणं मला जड जातं. तिलाही उपचाराचा तितकाच हक्क आहे.

उपचाराला लाजू नका. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा टेलि-मानस या मदतवाहिनीचा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८. समुपदेशन, गरज पडली तर औषधं, दोन्ही लागू शकतात. औषधाचा गुण यायला काही आठवडे जातात आणि जरा बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नसतात.

मरणाची भाषा मुलाच्या तोंडी आली तर ‘नाटकं’ म्हणू नका. जवळ बसून सरळ विचारा, ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरं हमसून रडलेली मी पाहिली आहेत. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. घरातली औषधं, शेतकऱ्याच्या घरी फवारणीचे डबे, कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. अशा लाटा बऱ्याचदा ओसरतात. तेवढा वेळ मिळाला पाहिजे.

आजी-आजोबा, मावशी-मामा हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते. हवाई बेटांतल्या काउआई इथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. अतिशय हलाखीच्या, भांडणांच्या घरांतल्या मुलांपैकीही साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, मायाळू माणसं झाली. अशा मुलांच्या आयुष्यात आई-वडिलांपलीकडचं का असेना, मायेचं एखादं भक्कम माणूस असायचं. तुम्ही कुणाचं तरी तसं माणूस होऊ शकता. सुट्टीत बोलावून घ्या, जेवायला बसवा, चौकशा करू नका.

त्या मुलीचे उपचार वर्षाहून अधिक चालले. दहावीला जेमतेम गुण पडले आणि त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही, हे मला तिच्या आईनं आवर्जून कळवलं. बाबांनी तिची माफी मागितली, पहिल्यांदा फोनवर, कारण समोर जमेना. आता ते फाटकाशी आले की कडी काढण्याआधी तिला नावानं हाक मारतात. मध्यंतरी ती भेटायला आली होती. मी विचारलं, अजून वही उचलून आत जातेस का? म्हणाली, “कधी कधी उचलते, बाई. पण मग दारापाशी उभी राहते, थोडा वेळ.”